दिवसातून किती वेळा? : ट्रोम्सो ते काउतोकेइनो, आठ दिवस

दिवस पहिला

मार्चच्या मध्याला उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या विमानतळावर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बर्फावरून परतणाऱ्या उन्हामुळे डोळे उघडवत नव्हते. ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे असलेल्या या गावात अंधार असेल, ही समजूत मी घरूनच बांधून आणली होती. प्रत्यक्षात सूर्य न उगवण्याचा काळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा असतो, आणि विषुवदिनाच्या आसपास येथेही दिवस आपल्यासारखाच बारा तासांचा असतो. डोळ्यांच्या रोगाचा अभ्यास करायला आलेल्या माणसाने काळा चष्मा घरी विसरावा, याचे यजमानांना बरेच हसू आले.

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी काही वर्षे माण-खटावच्या बाजूला पशुधन विकास अधिकारी होतो आणि नंतर विषाणूंच्या प्रयोगशाळेत आलो. गाईगुरांमध्ये आयबीआर नावाचा रोग करणारा हर्पिस विषाणू हा माझा विषय आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९७६ साली झाली आणि ती संकरित वासरांच्या डोळ्यांच्या दाहातून झाली, हे आपल्याकडच्या अनेक पशुवैद्यांच्याही लक्षात नसते, कारण पुढे तो रोग गर्भपाताचा आणि श्वासनलिकेचा म्हणूनच ओळखला गेला. त्याच कुळातला एक विषाणू, सर्व्हिड हर्पिसव्हायरस २, रेनडियरचे डोळे घालवतो. त्याच्यावर विषाणूरोधक औषधे कशी तपासतात, हे पाहण्यासाठी आठ दिवसांची ही भेट ठरली होती. पहिला दिवस झोपण्यात गेला.

दिवस दुसरा

ट्रोम्सो हे बेटावरचे गाव आहे आणि विद्यापीठ बेटाच्या पूर्व अंगाला, ब्रेइविका भागात आहे. सकाळी आठ वाजता पेशींच्या खोलीत उभा होतो. औषध तपासण्याची पहिली पायरी जगभर जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे परदेशात असल्याचे येथे फारसे जाणवले नाही. पिपेट तीच, गुलाबी द्रव तोच आणि इनक्युबेटरचे दार नीट न लावणाऱ्यावर होणारी कुरकुरही तीच.

चोवीस खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटीत गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा एकेरी थर आधीच वाढवून ठेवलेला होता. रेनडियरचा विषाणू गाईच्या पेशीत सुखाने वाढतो, यावरूनच या दोन विषाणूंच्या नात्याची कल्पना यावी. प्रत्येक खळग्यात मोजून थोडासाच विषाणू घालायचा, तासभर त्याला पेशींना चिकटू द्यायचे, उरलेला धुऊन टाकायचा आणि मग औषध मिसळलेला, खळीसारखा घट्टसर थर वर ओतायचा. या थरामुळे विषाणूला द्रवातून पोहत दूर जाता येत नाही, फक्त शेजारच्या पेशीत शिरता येते. परिणामी तीन दिवसांनी जेथे जेथे एक विषाणू पडला होता, तेथे तेथे मेलेल्या पेशींचे एकेक गोल भोक दिसते. त्याला प्लाक म्हणतात. औषधाची मात्रा खळग्यागणिक वाढवत न्यायची आणि प्लाकांची संख्या कोणत्या मात्रेला निम्मी होते, ते पाहायचे. शेजारच्या दुसऱ्या प्लेटीत विषाणू न घालता तीच औषधे त्याच मात्रेत द्यायची, कारण विषाणूबरोबर पेशीही मरत असतील तर त्या औषधाचे कौतुक कशासाठी करायचे? या दोन आकड्यांमधले अंतर जितके मोठे, तितके औषध कामाचे.

माझ्या प्लेटीत दोनच औषधे होती. पहिले अ‍ॅसायक्लोव्हिर, जे माणसाच्या ओठांवर उठणाऱ्या हर्पिसच्या मलमामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे आणि ज्याच्या मागच्या संशोधनासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे औषध पेशीत जाते तेव्हा निष्क्रिय असते. विषाणूचे स्वतःचे थायमिडीन कायनेज नावाचे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडते, पुढचे दोन पेशीची विकरे जोडतात, आणि मग ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत शिरून तिची वाढ तेथेच थांबवते. ज्या पेशीत विषाणू नाही, तेथे ते जागेच होत नाही, म्हणून निरोगी पेशीला त्याचा त्रास कमी. योजना सुंदर आहे, पण तिची सगळी भिस्त शत्रूच्या कामसूपणावर आहे. माणसाच्या हर्पिसचे विकर हे काम तत्परतेने करते, तर गाईच्या हर्पिसचे विकर त्या बाबतीत मंद आहे. म्हणून माणसात नावाजलेले हे औषध गाईच्या विषाणूपुढे फिके पडते, आणि मांजरांच्या हर्पिसबाबतही पशुवैद्यांना हाच अनुभव आलेला आहे.

दुसरे सिडोफोव्हिर. प्रागचे आंतोनिन होली आणि बेल्जियममधल्या लूव्हेनचे एरिक द क्लर्क यांच्या दीर्घ सहकार्यातून पुढे आलेल्या या औषधाच्या रेणूवर फॉस्फेटसारखा गट मुळातच बसवलेला असतो, त्यामुळे विषाणूच्या विकराची मनधरणी करावी लागत नाही. त्याचे सक्रिय रूप पेशीत बराच काळ टिकून राहते. मात्र ते निरोगी पेशीतही सक्रिय होते, आणि शिरेतून दिल्यास मूत्रपिंडाला अपाय करते. डोळ्यात थेंब घालणे ही वेगळी बाब असली तरी हा दोष विसरून चालत नाही.

दुपारी तीनपर्यंत माझी प्लेट इनक्युबेटरमध्ये गेली. झाकणावर नाव देवनागरीत लिहिले, म्हणजे अदलाबदल होण्याची शक्यताच उरली नाही.

दिवस तिसरा

प्लाक उगवेपर्यंत करण्यासारखे काही नव्हते, म्हणून दिवसभर जुने कागद आणि छायाचित्रे पाहिली. रेनडियरच्या या साथीच्या डोळ्यांची नोंद स्वीडनमध्ये बर्गमन यांनी १९१२ सालीच केलेली आहे. त्यानंतर जवळजवळ शतकभर दोष जिवाणूंकडे जात राहिला आणि ते स्वाभाविक होते, कारण चिघळलेल्या डोळ्याचा नमुना घेतला की त्यात जिवाणू सापडतातच. २००९ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्स भागातील एका कळपाच्या साथीच्या अभ्यासातून सर्व्हिड हर्पिसव्हायरस २ कडे बोट दाखवले गेले. पुढे मॉर्टन ट्रिलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी रेनडियरांच्या डोळ्यात विषाणू आणि मोराक्सेला बोव्होक्युली हा जिवाणू मुद्दाम सोडून पाहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रोग विषाणूने केला, एकट्या जिवाणूने केला नाही. जिवाणू मागाहून येतो आणि विषाणूने सोललेल्या बुबुळावर ठाण मांडतो. या क्रमामुळेच केवळ प्रतिजैविक मलम लावून भागत नाही, आणि विषाणूरोधक औषधाचा प्रश्न उभा राहतो.

छायाचित्रांचा क्रम पाहताना माणमधल्या गोठ्यांची आठवण झाली. आधी पाणी गळते आणि डोळ्याखालचे केस ओले, तपकिरी होतात, मग पापण्या सुजतात, मग बुबुळ निळसर-पांढरे होते. आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात, तेच हे फूल. पुढे व्रण खोल गेला तर डोळा आतून फुटतो.

रेनडियरच्या डोळ्याची एक गोष्ट या कामाशी थेट संबंधित नाही, तरीही सांगण्याचा मोह आवरत नाही. मांजराचे डोळे रात्री ज्या आतल्या आरशामुळे चमकतात, तो आरसा रेनडियरमध्ये उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात गडद निळा होतो. महिनोन्‌महिने बाहुली विस्फारलेली राहिल्याने डोळ्यातला दाब वाढतो, आरशातले तंतू एकमेकांजवळ दाबले जातात आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, असे स्पष्टीकरण लंडन आणि ट्रोम्सोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दिले. अंधारासाठी इतका घडवलेला डोळा एका विषाणूने आठवड्याभरात निकामी व्हावा, याचे वाईट वाटते.

दिवस चौथा

हिमवादळ. बस बंद. खोलीतच राहिलो.

दिवस पाचवा

प्लेट बाहेर काढली. वरचा घट्ट थर काढायचा, पेशी स्थिर करायच्या, क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग घालायचा आणि पाण्याने धुवायचे, एवढेच काम होते. जिवंत पेशींचा थर जांभळा होतो आणि प्लाक पांढरे राहतात. पहिल्या दोन ओळी धुताना माझा हात जड पडला. वीस वर्षे नळाखाली हात धुण्याची सवय असलेल्या माणसाने पाण्याची धार थेट खळग्याच्या मध्यावर सोडली आणि अ‍ॅसायक्लोव्हिरच्या ओळीतला पेशींचा थर सालीसारखा निघून नळीत गेला. त्या ओळीविषयी मला काहीही सांगता येत नाही, आणि दोष औषधाचाही नाही, विषाणूचाही नाही.

उरलेल्या भागाने मात्र समाधान दिले. औषध न दिलेल्या खळग्यांत टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी भोके इतकी होती की, काही एकमेकांत मिसळली होती. सिडोफोव्हिरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे, म्हणजे कमी मात्रेकडून जास्तीकडे जाताना ती विरळ होत गेली, लहानही होत गेली, आणि शेवटच्या खळग्यात सलग जांभळा रंग उरला. एका शिकाऊ माणसाच्या एका प्लेटीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. यजमानांच्या स्वतःच्या प्लेटा अर्थातच कितीतरी अधिक काटेकोर असतात. तरीही खिडकीसमोर धरलेल्या त्या ओळीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

जेवणाच्या वेळी मी उत्साहाने विचारले की, मग प्रत्यक्ष रेनडियरवर कधी? उत्तर शांतपणे मिळाले. प्राण्यावर प्रयोग करायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरण असलेल्या मात्तिल्सिनेतची परवानगी लागते, आणि तेथे पहिला प्रश्न असा असतो की, हे औषध कळपात वापरता येणार आहे का? रेनडियर हे मांसासाठी पाळलेले जनावर आहे. अशा जनावराला द्यायच्या औषधाचा मांसात किती अंश राहिला तर चालेल, हे अधिकृतपणे ठरलेले असावे लागते. माणसासाठी बनवलेल्या औषधाबाबत ते काम कोणी आपण होऊन करत नाही, कारण त्यासाठी पैसा लागतो आणि रेनडियरची बाजारपेठ लहान असते. ‘त्यापुढचा प्रश्न तुम्हाला परवा कळेल,’ असे म्हणून यजमान बाई ताट उचलून गेल्या.

दिवस सहावा

गाडीने काउतोकेइनो. बाल्सफ्योर्डच्या कडेने दक्षिणेला, मग श्किबोतनहून वर चढून फिनलंडमध्ये किल्पिसयार्वी, आणि पुढे पुन्हा नॉर्वे. समुद्रकाठचे कडे मागे पडले, खुजी बर्चची झाडे सुरू झाली आणि शेवटी केवळ पांढरे पठार उरले. सामी, म्हणजे येथे रेनडियर पाळणाऱ्या मूळ रहिवाशांच्या भाषेत या गावाचे नाव गुओव्दागेआइद्नु आहे. नॉर्वेत पाळीव रेनडियरांची संख्या दोन लाखांच्या वर आहे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक या फिनमार्क भागात आहेत.

येथे हा रोग आता जास्त चर्चेत येण्यामागे हवामानही आहे. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, नंतर गोठतो आणि बर्फाखालच्या दगडफुलावर काचेसारखा थर बसतो. रेनडियर खुराने बर्फ उकरू शकते, पण हा थर फोडू शकत नाही. मग पशुपालकाला कळप कुंपणात आणून पेंडीच्या गोळ्या घालाव्या लागतात. मोकळ्या पठारावर विखुरलेली जनावरे एका गव्हाणीवर तोंडाला तोंड लावून उभी राहतात आणि एकाच्या डोळ्यातले पाणी दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात वाडा एका जागी अडकला की मेंढरांमध्ये काय काय पसरते, हे माणच्या धनगरांना मी वेगळे सांगायची गरज नाही.

दिवस सातवा

सकाळी उणे अठरा. स्नोस्कूटरच्या मागच्या घसरगाडीवर बसून कुंपणापर्यंत गेलो. ज्या कुटुंबाचा कळप होता, त्यातले वडील साठीच्या पुढचे असावेत. दोन मुलगे आणि एक सून मदतीला होती. कळप जवळ आला तेव्हा सर्वांत आधी ऐकू आला तो खुरांचा नव्हे, तर टकटक असा आवाज. चालताना रेनडियरच्या पायातल्या कंडरा हाडावरून सरकतात आणि असा आवाज येतो. शेकडो जनावरांचा तो आवाज एकत्र आला की, दुरून हातमाग चालल्यासारखे वाटते.

मोठ्या कुंपणातून वीस-पंचवीस जनावरे लहान गोल कुंपणात घेतली. तेथून एकेक धरायचे. थोरल्याने सुओहपान, म्हणजे फास, फेकला आणि दहा महिन्यांचे एक पिल्लू शिंगात अडकले. दोघांनी ते धरून आडवे केले. उजव्या डोळ्याखालचे केस गोठून काडीसारखे ताठ झाले होते आणि बुबुळाच्या मध्यावर फूल पडलेले होते. माझे काम व्रण पाहण्याचे होते. फ्लुओरेसिनची पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला लावायची, म्हणजे जेथे वरचा थर गेलेला आहे तेथे हिरवा रंग धरतो. सलाइनची कुपी जाकिटाच्या बाहेरच्या खिशात ठेवली होती. ती पार गोठली होती. सून काहीही न बोलता पुढे आली, तिने स्वतःच्या सदऱ्याच्या आतून एक कोमट कुपी काढली आणि माझी तेथे सरकवली. दुसऱ्या प्रयत्नात विजेरीच्या निळ्या प्रकाशात बुबुळावर फांद्या फुटलेली हिरवी रेघ उजळली. माणसाच्या हर्पिसमध्ये नेत्रतज्ज्ञ जशी रेघ शोधतात, तशीच. कापसाच्या काडीने नमुना घेतला, कुपीत मोडून टाकला, आणि या वेळी न सांगता छातीच्या खिशात ठेवला, कारण हळूहळू गोठणे आणि वितळणे यात विषाणू मरतो.

मग मलम. बरोबर आलेल्या पशुवैद्यक डॉक्टरांनी नेहमीचे प्रतिजैविक मलम घेतले, तर नळीतून ते बाहेरच येईना. थंडीने त्याचे मेण झाले होते. तीही नळी सुनेच्या सदऱ्यात गेली. या एका पिल्लाला धरल्यापासून सोडेपर्यंत बारा मिनिटे लागली. हातमोजे बदलण्याची वेळ त्यात धरलेली नाही.

नऊ जनावरे तपासून झाल्यावर कॉफी झाली. मी दुभाष्याच्या मदतीने वडिलांना माझ्या जांभळ्या प्लेटीची हकीकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि एकच विचारले, ‘तुमचे ते थेंब दिवसातून किती वेळा घालायचे?’

अ‍ॅसायक्लोव्हिरचे मलम माणसाच्या डोळ्यात दिवसातून पाच वेळा लावतात. गॅन्सिक्लोव्हिरचे जेलही सुरुवातीला पाच वेळा. ट्रायफ्लुरिडीनचे थेंब जागेपणी दर दोन तासांनी, दिवसाला नऊपर्यंत. मांजरांमध्ये सिडोफोव्हिरचे थेंब दिवसातून दोनदा घालून पाहिलेले आहेत. हे सगळे मी सांगितले. वडिलांनी मोठ्या कुंपणाकडे पाहून बोटांवर हिशोब केला. एका जनावराला दोन माणसे आणि दहा मिनिटे, आजारी चाळीस धरली तर एका फेरीलाच सात तास. दोन फेऱ्या म्हणजे माणसांनी झोपायचे नाही आणि जनावरांनी खायचे नाही.

हिशोबात त्यांनी न धरलेली आणखी एक गोष्ट होती आणि परतताना आम्ही त्याविषयीच बोलत होतो. हा विषाणू बरा झाल्यावरही जात नाही, तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत लपून राहतो आणि जनावरावर ताण आला की पुन्हा जागा होतो. रेनडियरांना डेक्सामेथासोन टोचून, म्हणजे ताणाची नक्कल करून, तो मुद्दाम जागा करून पाहिलेला आहे. कळप पुन्हा पुन्हा लहान कुंपणात कोंडणे, फासाने धरणे, आडवे पाडणे, हा ताणच आहे. त्यातच एकाच मोज्याने एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर हात फिरतो. म्हणजे दिवसातून पाच वेळा घालायचे औषध प्लेटीत कितीही गुणकारी असले, तरी कुंपणात ते रोग पसरवण्याचे साधन ठरण्याची भीती आहे. ‘परवा कळेल’ म्हटलेला प्रश्न हाच होता. मी आजवर औषधाच्या मात्रेचाच विचार करत आलो, वेळांचा कधी केला नाही. गोठ्यात बांधलेल्या गाईने मला ती सवय लावली होती.

संध्याकाळी सुनेने बिदोस वाढले. रेनडियरचे मांस, बटाटे, गाजर आणि मीठ, मसाला अजिबात नाही. मी दोनदा घेतले.

दिवस आठवा

नमुने घेऊन सीमा ओलांडण्याचे कागद करावे लागू नयेत, म्हणून परत येताना फिनलंड टाळून अल्तामार्गे, पूर्णपणे नॉर्वेतूनच आलो. रस्ता लांबला. रात्री साडेनऊला कुप्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये गेल्या.

माझे विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे होते, तेव्हा यजमान बाईंनी झोपायला पाठवण्याऐवजी एक नवी प्लेट पुढे ठेवली. या वेळी औषध तीन दिवस पेशींवर राहणार नव्हते. एका ओळीत ते तासभर ठेवायचे, दुसऱ्या ओळीत सहा तास, तिसऱ्या ओळीत पूर्ण दिवस, मग धुऊन काढायचे आणि नुसता घट्ट थर घालून वाट पाहायची. पेशीत टिकून राहणारे औषध धुतल्यानंतरही प्लाक रोखत असेल, तर दोन मात्रांमधले अंतर लांबवता येईल, आणि कदाचित एकदाच धरून सोडून देण्याजोगे काही हाती लागेल. आठवड्यातून एकदा धरणे वडिलांच्या हिशोबात बसत होते, हे मी विचारून घेतले होते.

प्लाक मोजायला मी तेथे नसणार होतो. झाकणावर तासांचे आकडे लिहिले, १, ६ आणि २४, आणि त्याखाली धुताना पाण्याची धार कडेने सोडावी, मध्यावर सोडू नये, अशी सूचना इंग्रजीत लिहून चिकटवली.